घरच्या लाइटवर वेल्डिंग मशीन चालवायचंय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हे सगळं त्यांच्यासाठी आहे ज्यांनी छोटं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन घेतलंय किंवा घ्यायचंय, आणि ते बंगल्याच्या पार्किंगमध्ये, मागच्या शेडमध्ये नाहीतर गोठ्याशेजारी सिंगल फेजवर चालवायचंय. गेटचा बिजागर, कुंड्यांचा स्टँड, ट्रॉलीचं फाळकं असली घरगुती कामं. वर्कशॉप टाकणाऱ्यांसाठी नाही, त्यांनी थ्री फेज कनेक्शन घ्यावं आणि विषय संपवावा.

घरच्या १५ अँपिअरच्या पॉइंटवर मशीन चालतं का?

चालतं, पण १२ नंबरच्या रॉडपुरतं. हाच खरा मुद्दा आहे आणि दुकानदार नेमकं हेच सांगत नाही. आपण ज्याला १५ चा पॉइंट म्हणतो तो आता १६ अँपिअरचा असतो, २३० व्होल्टला म्हणजे साधारण ३,७०० व्होल्ट-अँपिअर झाले. नेहमीच्या स्वस्त इन्व्हर्टर मशीनची कार्यक्षमता ८० टक्क्यांच्या आसपास आणि पॉवर फॅक्टर (खेचलेल्या व्होल्ट-अँपिअरमधला खरंच कामी येणारा वाटा) ०.७ च्या आसपास धरला तर त्यातून रॉडच्या टोकाला प्रामाणिकपणे ८५ अँपिअर मिळतात. २.५ एमएम म्हणजे १२ नंबरचा रॉड ६० ते ९० मध्ये मस्त चालतो, म्हणजे तुमचं बहुतेक घरगुती काम त्यात बसतं. १० नंबर, म्हणजे ३.१५ एमएम, त्याला ९० ते १३० लागतात, तो या पॉइंटवर रोज जाळायचा नाही.

मशीनवर २०० अँपिअर लिहिलंय, मग घरातून २०० अँपिअर खेचणार का?

नाही हो. ते २०० रॉडच्या बाजूचे, तिथं व्होल्टेज २३० नसतं, चालू आर्कला (रॉड आणि लोखंड यांच्यामधल्या सलग ठिणगीला) २२ ते २८ व्होल्टच असतं. कमी व्होल्टेज जास्त अँपिअर, इकडं जास्त व्होल्टेज कमी अँपिअर. तरी पण "म्हणजे काही टेन्शन नाही" असं समजू नका, साध्या मशीनचा हिशोब असा पडतो बघा:

६० वर ठेवलं तर भिंतीतून साधारण १० अँपिअर
८० वर १४ ते १५
१०० वर १८ ते १९
१२० वर २३
२०० वर ४० च्या पुढं

हे आकडे मशीनगणिक थोडे इकडंतिकडं होतील. पण शेवटची ओळ नीट वाचा, खूप घरांत सिंगल फेजच्या मीटरवरच ५-३० अँपिअर छापलेलं असतं, म्हणजे २०० चं बटण फिरवणं हे घरच्या लाइटवर फक्त बटण फिरवणंच आहे.

मशीनच्या पाटीवर काय बघायचं?

मागं नाहीतर खाली एक पत्र्याची पाटी किंवा स्टिकर असतो. त्यात इनपुटच्या रकान्यात दोन आकडे असतात, आय वन मॅक्स आणि आय वन इफेक्टिव्ह. मॅक्स म्हणजे पूर्ण जोरात आर्क चालू असताना खेचला जाणारा करंट. इफेक्टिव्ह म्हणजे मधे मधे थांबून सरासरी वायर किती तापते त्याचा आकडा, मॅक्सला ड्यूटी सायकलच्या (म्हणजे काय ते खाली सांगतो) वर्गमुळानं गुणायचं की तो येतो. समजा मॅक्स ३५ आहे आणि ड्यूटी सायकल ३० टक्के, तर इफेक्टिव्ह १९ येईल. वायर आणि पॉइंट कमीत कमी इफेक्टिव्हला पुरेसा हवा आणि ब्रेकरनं, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या एमसीबीनं, मॅक्सचा धक्का झेलायला हवा.

ड्यूटी सायकल म्हणजे दहा मिनिटांतली किती मिनिटं सलग आर्क चालेल ते, आणि ते ४० डिग्री हवेला धरून मोजतात, त्यामुळं मे महिन्यात अकोल्याला पत्र्याच्या शेडखाली पिवळा दिवा लवकर लागला तर मशीन खराब नाहीये, तापलंय. बंद करू नका, पंखा चालू राहू द्या आणि चहा घेऊन या. ज्या मशीनवर ही पाटीच नाही, नुसतं मोठ्या अक्षरात ३०० नाहीतर ४०० लिहिलंय, ते मी तरी घेणार नाही.

एमसीबी पडत नाही म्हणजे सगळं ठीक आहे ना?

नाही, आणि हा गैरसमज सगळ्यात महाग पडतो. १६ चा एमसीबी १६ ला पडत नाही. स्टँडर्डनुसार तो १.१३ पट म्हणजे साधारण १८ अँपिअरला तासभर न पडता राहिला पाहिजे आणि १.४५ पट म्हणजे २३ अँपिअरला तासाच्या आत पडला पाहिजे. या १८ ते २३ च्या मधे तो कधीही पडेल, उशिराही पडेल. म्हणजे तुम्ही १०० वर मशीन लावून १९ अँपिअर खेचताय आणि एमसीबी निवांत बसलाय, तेवढ्या वेळात बोर्डातला सॉकेट आणि थ्री पिन टॉप तापतोय, त्यातही सॉकेट जुना असेल, आतली पट्टी सैल झाली असेल तर पिनेवर काळं पडायला वेळ लागत नाही. आग लागते ती बहुतेक वेळा अशा सैल जोडावर, वायरच्या मधोमध नाही.

सोपी तपासणी: दोनतीन रॉड जाळून झाले की मशीन बंद करा, स्विच बंद करा, टॉप काढा आणि प्लॅस्टिकला हात लावा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल किंवा जळका वास येत असेल तर तो सॉकेट आणि टॉप दोन्ही बदला, एकच बदलून उपयोग नाही, जळकी पिन नवीन सॉकेटही खराब करते.

मग एमसीबी पडत असेल तर १६ च्या जागी ३२ चा टाकू का?

वायर न बदलता? अजिबात नाही. एमसीबी मशीनला वाचवायला नसतो, भिंतीतल्या वायरला वाचवायला असतो. घरात लाइट-पंख्याला १ किंवा १.५ स्क्वेअर एमएम, पॉवर पॉइंटला २.५, एसी-गिझरला २.५ नाहीतर ४ असं साधारण असतं. कंड्युटमधली २.५ ची कॉपर वायर १८-२० अँपिअरची, ४ ची २५ च्या जवळपास, ६ ची तिशीच्या थोडी पुढं. २.५ वर ३२ चा ब्रेकर लावला म्हणजे वायर जळेल पण ब्रेकर पडणार नाही, अशी व्यवस्था तुम्ही स्वतः पैसे देऊन करून घेतली. जुन्या घरात किटकॅट फ्यूज असतात तिथं हाच प्रकार जाड तार गुंडाळून करतात, वायरच्या दोन लड्या जास्त. ते तर त्याहून वाईट.

मशीनचा स्विच टाकल्या टाकल्याच पडत असेल तर मात्र वेगळं कारण असू शकतं. आतले कपॅसिटर भरताना क्षणभर मोठा करंट जातो, बी कर्व्हचा एमसीबी ३ ते ५ पटीला पडतो, सी कर्व्ह ५ ते १० पटीला. तेवढ्याच अँपिअरचा सी कर्व्ह लावला तर बहुतेकदा प्रश्न सुटतो.

एक्स्टेंशन बोर्ड लावून चालेल का?

बाजारात मिळतो तो चार सॉकेटचा पांढरा बोर्ड, पातळ वायरवाला, तो मोबाइल आणि टीव्हीसाठी आहे, त्याच्याकडं बघूही नका. स्वतः बनवून घ्या: रबरी किंवा चांगल्या पीव्हीसीची तीन कोअरची गोल केबल, एका टोकाला चांगला १६ चा टॉप, दुसऱ्या टोकाला मेटल बॉक्समध्ये एकच सॉकेट.

जाडीचा हिशोब बघा. २५ मीटर लांब, १.५ ची केबल, १९ अँपिअर, तर जाऊन-येऊन १२-१३ व्होल्ट केबलमध्येच गेले आणि जवळजवळ २४० वॅटची उष्णता त्या केबलमध्ये तयार होतेय. २.५ घेतली तर साडेसात-आठ व्होल्ट, ४ घेतली तर पाचाच्या आत. मी तर सरळ ४ ची घ्या म्हणेन, एकदाच खर्च. आणि केबल पूर्ण उलगडून वापरायची, चक्रीवर गुंडाळलेली ठेवून नाही, आतली उष्णता बाहेर पडायला जागाच नसते, इन्सुलेशन वितळून एकमेकांना चिकटतं. गाडीच्या चाकाखाली, ठिणग्या पडतात तिथं, पाण्यात, अशी टाकू नका हे सांगायला नको पण सांगतो.

दूरच काम असेल तर इकडची केबल वाढवायच्या ऐवजी होल्डरची केबल वाढवू का, असंही विचारतात. थोडीफार वाढवता येते पण ती बाजू जास्त अँपिअरची, तिथं जाड वेल्डिंग केबल लागते आणि ती महाग. त्यापेक्षा मशीनच उचलून कामाजवळ न्या, पाच-सात किलोचं तर आहे.

वेगळी लाइन ओढायची असेल तर वायरमनला काय सांगू?

मेन डीबीमधून, म्हणजे एमसीबी बसवलेल्या बोर्डातून, थेट पार्किंगपर्यंत स्वतंत्र लाइन, मधे कुठंही जोड नाही, दुसरा कुठलाही पॉइंट तिच्यावर नाही. १० नंबर रॉडपर्यंत जायचं असेल तर ४ स्क्वेअर एमएम कॉपर आणि २५ चा सी कर्व्ह डबल पोल एमसीबी, अंतर जास्त असेल तर ६ स्क्वेअर. ३२ चा ब्रेकर हवाच असेल तर वायर ६ ची, आणि कंड्युटमध्ये बाकीच्या वायरी दाटीवाटीनं असतील तर १० ची, पण त्याआधी मीटर आणि मेन वायर तेवढं देते का ते बघायचं. अर्थिंगची वायर पण तेवढ्याच जाडीची मागा, बरेच जण तिथं १ ची हिरवी वायर टाकून पैसे वाचवतात.

टोकाला घरगुती सॉकेट नको. २० किंवा २५ अँपिअरचा मेटल क्लॅड, आपण ज्याला एसी बॉक्स म्हणतो तो, नाहीतर निळा इंडस्ट्रियल ३२ चा प्लग-सॉकेट लावा, तीन पिनचा असतो, पकड घट्ट, पावसाचे शिंतोडे झेलणारा पण मिळतो. बंद करायचा स्विच हाताच्या अंतरावर पाहिजे, काही झालं तर घरात पळत जाऊन बंद करायला लागू नये. काम परवाना असलेल्या माणसाकडूनच करून घ्या, शेजारच्या पोराला "जमतं" म्हणून नाही.

मीटर आणि मंजूर भाराचं काय?

वीजबिल काढा, त्यावर मंजूर भार किलोवॅटमध्ये लिहिलेला असतो, जुन्या घरांना एक-दोन किलोवॅटच असतो. त्यात गिझर, एसी आणि वर वेल्डिंग असं बसत नाही. भार वाढवायचा अर्ज महावितरणच्या ॲपवरून, वेबसाइटवरून करता येतो, मुंबईत तुमचा पुरवठा बेस्ट, अदानी किंवा टाटा पॉवर ज्यांचा असेल त्यांच्याकडं. खांबापासून मीटरपर्यंतची सर्व्हिस वायर किती जाड आहे हेही तेव्हाच बघून घ्यायला सांगा, ती पातळ असेल तर आत कितीही चांगली वायरिंग केली तरी व्होल्टेज पडणारच. भार वाढवेपर्यंत काय? वेल्डिंग करताना गिझर, एसी, मोटर, इस्त्री बंद. घरात आधी ओरडून सांगायचं.

मशीन चालू केलं की आरसीसीबी पडतो, काढून टाकू का?

काढू नका. घरातला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट अर्थिंगकडं गळला की पडणारा ब्रेकर, माणूस वाचवायला असतो, एमसीबी ते काम करत नाही. आधी कारण शोधा. इन्व्हर्टर मशीनच्या फिल्टरमधून थोडी गळती अर्थिंगला जातेच, घरात आधीच फ्रीज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर यांची मिळून बरीच गळती असेल तर मशीन लावल्यावर हद्द ओलांडली जाते. अशा वेळी वेल्डिंगच्या लाइनला स्वतंत्र ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी देऊन ती घराच्या आरसीसीबीच्या आधीच वेगळी काढायची, शक्यतो टाइप ए चा, कारण असल्या मशीनची गळती सरळ एसी नसते.

दुसरं कारण आपल्याकडं फार सापडतं: नवीन पॉइंटला फेज एका सर्किटचा आणि न्यूट्रल जवळ सापडला म्हणून दुसऱ्या सर्किटचा. मग आरसीसीबी पडणारच, तो बरोबर आहे, वायरिंग चूक आहे. तिसरं, मशीनमध्ये लोखंडाचा कीस आणि ओल. ग्राइंडर मशीनच्या तोंडाशी मारत बसलात तर पंखा तो सगळा कीस आत ओढतो. आणि हो, आरसीसीबीवर टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबायचं, दाबल्यावर पडला नाही तर बदलायचा.

अर्थिंगचा क्लॅम्प कामाला लावलाय, मग घरच्या अर्थिंगची काय गरज?

दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. क्लॅम्प हा रॉडमधून गेलेला करंट मशीनकडं परत आणायचा रस्ता आहे. टॉपची जाड तिसरी पिन ही मशीनच्या पत्र्यावर चुकून फेज आला तर तुम्हाला वाचवायला आहे. क्लॅम्प लावला म्हणून तिसरी पिन तोडणारे लोक आहेत, तसं करू नका.

आणि क्लॅम्प जिथं टाका मारायचा त्याच्या जवळ, रंग खरवडून, चकचकीत लोखंडावर लावा. लांब कुठंतरी गेटच्या खांबाला, पाण्याच्या पाइपला लावलात, किंवा क्लॅम्प निसटला, आणि तुमचं काम कुठंतरी घराच्या अर्थिंगला चिकटलेलं असेल तर वेल्डिंगचा शंभर अँपिअर परत जायला घराच्या अर्थिंगच्या वायरीतून, नाहीतर त्याच टेबलावर ठेवलेल्या ग्राइंडरच्या अर्थिंगमधून रस्ता काढतो. ती वायर एवढ्यासाठी बनलेलीच नाही, आणि यात एमसीबी-आरसीसीबी काहीही करत नाहीत कारण हा करंट त्यांच्यातून जातच नाही.

घरात अर्थिंगच नाही, तिसरं भोक रिकामं आहे, तिथं न्यूट्रल जोडला तर?

जीव जाईल. न्यूट्रल कुठं सैल झाला, तुटला की मशीनच्या बॉडीवर सरळ २३० व्होल्ट येतात, तेही काही बिघाड नसताना. अर्थिंग करून घ्या: खड्डा, पाइप किंवा तयार केमिकल अर्थिंगचा इलेक्ट्रोड, आणि नंतर मीटरनं मोजून बघायला सांगा, ५ ओमच्या आत आलं तर चांगलं. कोरड्या खडकाळ जागेत उन्हाळ्यात आकडा वाढतो, पाणी घालत राहावं लागतं. नुसता पाइप ठोकून "झालं अर्थिंग" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आर्क मारला की घरातले दिवे मिचकतात. हे नॉर्मल आहे का?

किंचित, एवढं चालतं. दिवे खूप खाली जात असतील तर कुठंतरी जोड सैल आहे किंवा सर्व्हिस वायर पातळ आहे. पण एक लक्षण लक्षात ठेवा: घराला थ्री फेज कनेक्शन आहे आणि वेल्डिंग करताना एका खोलीतले दिवे मंद होतात पण दुसऱ्या खोलीतले जास्त उजळ होतात, तर लगेच मशीन बंद करा आणि मेनही बंद करा. न्यूट्रल सैल झालाय. अशा वेळी हलक्या फेजवर व्होल्टेज तीनशेच्या वर जाऊ शकतं आणि टीव्ही, फ्रीज, राउटर रांगेनं जातात. मीटरच्या अलीकडं असेल तर तुमचा वायरमन, पलीकडं असेल तर वीज कंपनी, तक्रारीचा नंबर १९१२.

गावाकडं संध्याकाळी व्होल्टेज १७०-१८० असतं, रॉड चिकटतो. स्टॅबिलायझर लावू?

घरगुती स्टॅबिलायझर एवढा लोड घेत नाही, आणि मोठा घेतला तरी तो गेलेलं व्होल्टेज कुठून निर्माण करत नाही, लाइनीतून जास्त अँपिअर खेचूनच देतो, म्हणजे लाइन आणखी पडते. सकाळी काम करा, दुपारी करा. रॉड पातळ वापरा, कोरडा वापरा, अर्धी चिकटाचिकटी ओल्या रॉडची असते. मशीन घेताना कमी व्होल्टेजला चालणारं मागा, काही मशीन १६० व्होल्टपर्यंत चालतात, पाटीवर लिहिलेलं असतं.

शेतीपंपाची थ्री फेज लाइन आहे तिच्यावर चालवू का? ती पंपासाठी दिलेली आहे, तिचा दर वेगळा आहे, दुसऱ्या कामाला वापरली तर अनधिकृत वापर होतो. आणि आकडा टाकून चालवणाऱ्यांशी मला बोलायचंच नाही. ना ब्रेकर, ना फ्यूज, ना अर्थिंग, मागं फक्त गावची डीपी.

भंगारात जुना तांब्याचा ट्रान्सफॉर्मर मशीन स्वस्तात मिळतोय, घेऊ का?

मशीन म्हणून दणकट असतात, नातवंडं वापरतील एवढे. पण घरासाठी नको. त्यांचा पॉवर फॅक्टर ०.४-०.५ च्या आसपास, म्हणजे तेवढाच रॉड जाळायला इन्व्हर्टर मशीनपेक्षा कितीतरी जास्त अँपिअर खेचतात, आणि बरेच दोन फेजवर, ४१५ व्होल्टला चालायला बनवलेले. दोन फेज मिळवायला शेजारच्या मीटरमधून वायर आणणारे लोक मी बघितलेत. नका.

जनरेटर किंवा घरच्या इन्व्हर्टरवर?

घरची इन्व्हर्टर-बॅटरी विसरा, ८००-१००० व्हीए ची असते. उलट ज्या पॉइंटला मशीन लावताय तो चुकून इन्व्हर्टरच्या लाइनवर नाही ना ते बघा, लाइट गेली की थेट त्याच्यावर लोड येईल. जनरेटर ५ केव्हीएच्या खालचा घेऊ नका, तोही १२ नंबर रॉडपुरता. आधी जनरेटर सुरू करायचा, स्थिर होऊ द्यायचा, मग मशीन. बंद करताना उलट. घराच्या सॉकेटमध्ये उलटा टॉप घालून जनरेटरची लाइट घरात सोडू नका, ती खांबावर जाते आणि तिथं लाइनमन हात घालून बसलेला असू शकतो.

पावसाळ्यात शॉक बसतो का?

बसतो. मशीन नुसतं चालू असताना, आर्क नसताना होल्डर आणि क्लॅम्पमध्ये ६० ते ८० व्होल्ट असतात. कोरड्या हाताला, कोरड्या बुटाला ते फारसं जाणवत नाहीत म्हणून लोक निर्धास्त होतात, पण कोकणात जुलैमध्ये ओला कोबा, घामानं भिजलेले हातमोजे आणि पायात स्लीपर असेल तर तेवढे पुरतात. खास करून उघड्या हातानं रॉड बदलताना, किंवा लोखंडी जिन्यावर, टाकीच्या आत बसून काम करताना. कोरडे चामड्याचे हातमोजे, आणि एक कोरडी जोडी जास्तीची. रबरी तळव्याचे बूट. खाली कोरडी लाकडी फळी किंवा रबरी मॅट. होल्डरचं इन्सुलेशन फुटलं असेल तर टेप न गुंडाळता होल्डर बदला, महाग नसतो. व्हीआरडी असलेलं मशीन मिळालं तर घ्या, त्यात आर्क नसताना व्होल्टेज आपोआप खाली येतं. पावसात उघड्यावर काम नाहीच.

पार्किंगमध्ये गाड्या असतात, चालेल का?

गाड्या बाहेर काढा. बाइकच्या टाकीतून, कार्ब्युरेटरमधून पेट्रोलची वाफ येते, ती हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते आणि ठिणग्या पण तिथंच पडतात. थिनर, ऑइल पेंटचे डबे, चिंध्या, पुठ्ठे, भुसा, जादाचा गॅस सिलिंडर, सगळं बाहेर. जवळ ड्राय पावडरचं एक्स्टिंग्विशर आणि वाळूची बादली ठेवा, लाइट चालू असताना पाणी मारायचं नाही. काम संपल्यावर अर्धा तास तिथंच थांबा, फटीत गेलेली ठिणगी धुमसायला वेळ घेते. दार-शटर उघडं ठेवा, आणि जीआय पाइपचा जस्ताचा थर जोडाजवळ घासून काढल्याशिवाय टाका मारू नका, त्या धुरानं रात्री थंडी वाजून ताप येतो.

गाडीवरच वेल्डिंग असेल तर बॅटरीचं निगेटिव्ह काढा आणि क्लॅम्प अगदी जोडाजवळ लावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून, ईसीयूच्या (गाडीच्या कॉम्प्युटरच्या) वायरीतून रस्ता काढेल. इलेक्ट्रिक गाडीवर घरी वेल्डिंग करूच नका. ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जवळही थांबू नये.

सोसायटीच्या पार्किंगमधल्या सॉकेटवर?

तो सॉकेट कॉमन मीटरचा, त्याच मीटरवर लिफ्ट आणि पाण्याचा पंप असू शकतो. कमिटीची लेखी परवानगी, आणि बेसमेंट असेल तर परवानगी मिळाली तरी नको, धूर जायला जागा नसते. काम उचलून फॅब्रिकेटरकडं न्या, स्वस्त पडेल आणि वार्षिक सभेत तुमचं नाव निघणार नाही.

बिल किती येतं?

लोक उगाच घाबरतात. ८० वर आर्क चालू असताना मशीन साधारण २.३ किलोवॅट खातं, म्हणजे सलग २५-२६ मिनिटं आर्क जाळला तर एक युनिट. प्रत्यक्षात मापं घेणं, खपली काढणं, घासणं यातच वेळ जातो, दोन तासांच्या कामात एक-दीड युनिट झालं तर खूप. अँपिअर जास्त दिसतात ते पॉवर फॅक्टरमुळं, घरगुती मीटर युनिट वॅटवर मोजतो.

चार लोकांची कामं करून दिली तर?

पैसे घेऊन नियमित करत असाल तर तो धंदा, आणि घरगुती कनेक्शनवर धंदा म्हणजे वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर, आकारणी त्या वर्गाच्या दराच्या दुप्पट होते. वेगळं कनेक्शन घ्या.

टिग, मिग, प्लाझ्मा कटर हे पण याच पॉइंटवर?

टिग आणि मिग या वेल्डिंगच्याच दुसऱ्या पद्धती, प्लाझ्मा पत्रा कापायचा. टिगला आर्कचं व्होल्टेज कमी लागतं, १०० अँपिअरला भिंतीतून ११-१२ मध्ये भागतं, म्हणजे १६ च्या पॉइंटला सगळ्यात सोयीचं. मिग थोडं वर, १२० अँपिअरला १८-१९. प्लाझ्मा कटर दिसतो छोटा पण ४० चा असेल तर पूर्ण जोरावर ३० अँपिअर खातो, वर कंप्रेसर वेगळा. तो घरच्या पॉइंटवर नाही.

शेवटी कुठलं मशीन घेऊ?

भिंतीतला पॉइंट बदलायचा नसेल तर पॉवर फॅक्टर करेक्शन असलेलं मशीन शोधा, त्याला पीएफसी म्हणतात. महाग असतं, पण त्याच १६ अँपिअरमधून ८५ च्या जागी १२० च्या आसपास मिळतात, म्हणजे १० नंबर रॉड पण चालतो. ते परवडत नसेल तर साधं १६० किंवा २०० चं घ्या, बटण ८० वर ठेवा, १२ नंबरचे रॉड आणा आणि उरलेल्या पैशात ४ ची केबल, चांगला टॉप आणि आरसीसीबी घ्या. दुकानदार म्हणेल दोनशेचं मशीन ऐंशीवर कशाला चालवताय. चालवा, मशीन थंड राहतं.